उजव्या बाजूची जादा पायरी

बुधवार, ७

काल सकाळी दादा व्यायामासाठी दवाखान्यात गेला असताना मी त्याच्या इंजिनाची एक पायरी कापून टाकली. हॅक्सॉचं बारीक पातं घेतलं, ड्रायव्हर चढतो त्या उजव्या बाजूला केबिनच्या दाराखाली लोंबणारी जादा पायरी पट्टीसकट उतरवली, चार रिवेटांची डोकी कानसून सपाट केली आणि वर काळ्या रंगाचा हात मारला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. वहिनी दादाबरोबर गेल्या होत्या, घराची किल्ली माझ्याकडे होती. तुकडा रुमालात गुंडाळून आमच्या कारखान्यात नेला आणि भंगाराच्या पिंपात टाकला.

काम योग्यच होतं. संग्रहालयाच्या बाईंनी दिलेला तक्ता समोर आहे: भाग, मूळ माप, नकलेचं माप, फरक. मूळ इंजिन जर्मनीत बनलेलं, विटांच्या कारखान्यात माती ओढून ओढून म्हातारं झालेलं, आता बाईंच्या शेडमध्ये उभं आहे. दादाने त्याची पाचास एक मापाची नक्कल केली. अकरा वर्षं लागली. लांबी दीड मीटरला थोडी कमी, उचलायला चार माणसं. दादाला अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याची लेक म्हणते आहे, आमच्याकडे राहायला या. पण ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिथे इंजिनाला जागा नाही. बाई इंजिन ठेवून घ्यायला तयार आहेत, मात्र त्यांच्या समितीला 'मुळाबरहुकूम' असा सहीचा दाखला हवा. दादाला उजव्या हातात कॅलिपर धरवत नाही, म्हणून मोजायचं आणि सही करायचं काम माझ्याकडे आलं. मी पंपांच्या कारखान्यात टर्नर आहे. पंचवीस वर्षं मोजतोच आहे.

जर्मन ड्रॉइंगमध्ये दोन्ही बाजूंना एकेकच पायरी आहे. शेडमधल्या इंजिनालाही एकेकच. दादाच्या नकलेत उजवीकडे दोन. विचारायला हवं होतं का? विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "तसंच आहे." झटक्याआधीही माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असे, आणि तेव्हा तर त्याची जीभ धड होती.

शुक्रवार, ९

अर्धा दिवस रजा टाकून शेडमध्ये गेलो. इंजिनाखाली पाठीवर सरपटत चाकं मोजली. ड्रॉइंगमध्ये व्यास सहाशे लिहिला आहे, पण ड्रॉइंगचा मला आता भरवसा नाही. जर्मन माणसं दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात हे कळायच्या आधी एक अख्खी संध्याकाळ मी साडेसात मिलिमीटरचा पत्रा पंचाहत्तरचा धरून बसलो होतो. म्हणून यंत्रच मोजायचं ठरवलं. चाक पाचशे सहासष्ट भरलं. दोनदा मोजलं, तरी तेच. त्याचा पाचवा भाग एकशे तेरा. दादाच्या नकलेचं चाक एकशे वीस. एक नाही, सहाच्या सहा चाकं चुकलेली.

पायरी कापता येते. चाकांचं काय करणार?

घरी आलो तेव्हा शर्टाच्या पाठीवर ग्रीसचा नकाशा उमटला होता. ही म्हणाली, "हा शर्ट आता त्या इंजिनालाच घाला." मी हसलो नाही. जेवताना चाकांचं सांगितलं. तिने भाजी वाढता वाढता विचारलं, "पण तुम्ही एवढे खूश का दिसताय?"

मी खूश नव्हतो. वैतागलो होतो. बायकांना कधी कधी चेहरा उलटा दिसतो.

शनिवार, १०

दादाकडे गेलो. तो नेहमीच्या खुर्चीत होता, खिडकीपाशी. इंजिन मोठ्या टेबलावर असतं. त्याच्या खुर्चीकडे इंजिनाची डावी बाजू आहे, उजवी भिंतीकडे. तेवढं बरं आहे.

मी तक्ता त्याच्यापुढे धरला आणि चाकांच्या ओळीवर बोट ठेवलं. "दादा, सात मिलिमीटरचा फरक आहे. सहाही चाकांत."

त्याने वाचलं. तोंडाची एक बाजू हलली. आधी वाटलं, त्याला त्रास होतोय. वहिनी धावत आल्या. तो हसत होता. झटक्यानंतर पहिल्यांदा.

"झि... झिजली," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, "बारक्या, झिजली रे."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. चाळीस वर्षं रुळांवर फिरलेलं चाक कमी भरणारच. झिजलेला शाफ्ट मोजून त्यावरून नवा करू नये, हे मी कारखान्यात दुसऱ्यांना शिकवतो. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊजी, रोज येऊन अशी एकेक चूक करत जा. औषधापेक्षा बरं आहे."

चाकांची ओळ खोडली. खोडल्यावर तक्ता घाणेरडा दिसतो, म्हणून अख्खा पुन्हा लिहून काढावा लागणार.

मंगळवार, १३

दादाचं मला कळत नाही. चाकं ड्रॉइंगप्रमाणे, नवीन असताना होती तशी. पण धुराड्याला मागच्या बाजूला एक पोचा आहे तोही त्याने नकलेत घातला, जणू पोचा जर्मनीहूनच आला होता. शिट्टी ड्रॉइंगमध्ये घुमटावर आहे, त्याची केबिनच्या छपराला. शेडमधल्या इंजिनाचीही छपराला. म्हणजे कुठे कागद धरायचा आणि कुठे यंत्र, हे त्याने आपल्या मनाने ठरवलं. माणसाने एक काहीतरी धरावं. मला बाईंना उत्तर द्यायचं आहे.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे बघा, आमच्या शेडमधलं इंजिन दहा वर्षांपूर्वी ड्रॉइंग बघून दुरुस्त केलंय. समितीला तेच मूळ. त्याच्याशी जुळतंय की नाही, एवढंच लिहा."

"आणि पोचा?"

"पोचा आमच्याही इंजिनाला आहे. तो निघालाच नाही, आणि शिट्टी आम्ही हलवली नाही."

मग पायरीच्या बाबतीत मी बरोबरच होतो. हे इथे लिहून ठेवतो.

बाबा हेच इंजिन चालवत असत. दादा बारा वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला विटांच्या कारखान्याच्या वसाहतीत राहायला नेलं. आई तोवर गेली होती. मी गावी आत्याकडे राहिलो आणि तिथल्याच शाळेत शिकलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आत्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि देवापुढे हात जोडायला तिनेच शिकवलं. बाबा महिन्यातून एकदा येत. खाली ओसरीवर बसून आत्याशी बोलत. माझं अंथरूण वर माळ्यावर असे. शिडीच्या तोंडाशी मी जागा पडून राही, की आता वर येतील, माझी वह्यापुस्तकं बघतील. ते कधी एकदाही वर आले नाहीत. खालूनच हाक मारून विचारत, "काय रे, अभ्यास चाललाय ना?" दादा मात्र रोज त्यांच्याबरोबर इंजिनावर.

हे मी का लिहितोय? पोच्यावरून सुरुवात झाली होती.

गुरुवार, १५

वहिनींनी आनंदाची बातमी दिली आणि माझी नजर इंजिनाच्या भिंतीकडच्या बाजूकडे गेली. दादा काठी धरून तीन पावलं चालला. व्यायाम घेणाऱ्या ताईंनी त्याला सांगितलंय, महिनाअखेर टेबलाला एक पूर्ण फेरी मारायची.

"खुर्चीपासून निघायचं, इंजिनाला प्रदक्षिणा घालायची आणि परत खुर्चीत," वहिनी म्हणाल्या. "देवाला कधी घातली नाही, पण इंजिनाला घालतो म्हणाले."

दादाने डाव्या हाताने त्यांना गप्प बसायची खूण केली. खुशीत होता.

मी म्हटलं, घाई नको, पडलाबिडलास तर. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही असं म्हणणारे पहिलेच. बाकी सगळे चाला चाला म्हणतात."

शनिवार, १७

काही झालं नाही. दोन वेळा हात जोडून बसलो. मनात इंजिनच.

सोमवार, १९

तक्त्यातल्या शेवटच्या मापांसाठी शेडमध्ये गेलो. उजवी पायरी ज्या पट्टीला आहे तिची जाडी घ्यायची राहिली होती. पट्टीच्या मागे बोटं घातली तर चार उंचवटे लागले. डाळीच्या दाण्याएवढे, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर. डाव्या पट्टीला हात लावून पाहिला. ती गुळगुळीत.

नखाने खरवडलं. रंगाखाली पांढरट पुट्टी निघाली. पुट्टीखाली भोक.

इंजिनाला टेकून तिथेच बसलो. पहारेकऱ्याने विचारलं, "पाणी देऊ का?" मी म्हटलं, नको. त्याने तरी आणून दिलं.

मंगळवार, २०

दहा वर्षांपूर्वी इंजिन ज्याने रंगवलं तो रंगारी बाजारामागे राहतो. आता काम सोडलंय. दारात खुर्ची टाकून बसला होता. बाईंनीच पत्ता दिला. भोकांचं विचारल्यावर त्याने थोडाही विचार केला नाही.

"ती होय? तिथे खाली अजून एक पायरी होती. गावठी काम. लोखंडाची पट्टी, चार रिवेट. साहेब म्हणाले ड्रॉइंगमध्ये नाही, काढा. काढली. भोकं मी बुजवली. दिसतात की काय अजून?"

"दिसत नाहीत. हाताला लागतात."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. कामाचा अभिमान अजून आहे त्याला. "कशाला लावली होती देव जाणे. कारखान्यातले जुने लोक म्हणायचे, कोणी ड्रायव्हर होता, त्याचा एक पाय अधू. वरच्या पायरीवर पाय पोचायचा नाही. रोज सकाळी दोन माणसं त्याला उचलून चढवायची. मग त्याच्या पोरानेच लोहाराकडून पट्टी करून घेतली आणि बसवली म्हणे. चौदापंधरा वर्षांचं पोर. खरंखोटं माहीत नाही."

मी चालत घरी आलो. बाबा लंगडत हे मला माहीत होतं, पण सपाटीवर चालताना. चढताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

म्हणजे शेडमधलं इंजिन चुकलंय आणि दादाचं बरोबर होतं. सहा तारखेपर्यंत होतं.

हिला रंगाऱ्याचं सांगितलं, कापल्याचं नाही. ती म्हणाली, "तुम्ही दादांचं इंजिन मोजत होतात की दादांना?"

मी चिडलो. ताटावरून उठलो. तिचं चुकलं असं मात्र म्हणता आलं नाही.

शुक्रवार, २३

भंगाराचं पिंप सोमवारीच उचलून नेलं. वजनकाट्यावरच्या माणसाने सांगितलं, आता ते भट्टीत गेलं असेल.

नवीन पायरी करतोय. कापण्याआधी घेतलेलं माप तक्त्यात आहे: चोवीस मिलिमीटर खाली, म्हणजे मूळची एकशे वीस. हे सोपं आहे. सोपं नाही ते रिवेट. दादाने टाचणीच्या डोक्याएवढे चार रिवेट ठोकले होते, चारही सारखे. मी चार केले, दोन वाकडे. पुन्हा केले, पट्टीच चिरली. तिसऱ्या खेपेला एक उडून लेथखाली गेला आणि मी गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिलो. शेजारच्या मशिनवरचा म्हणाला, "काय हरवलंय, हिरा?" मी म्हटलं, "हो." त्यानेही बॅटरी आणली. अर्धा तास आम्ही दोघे जमिनीवर.

ज्या हाताने हे काम केलं तो हात आता कपसुद्धा धरत नाही. आणि मी ते वीस मिनिटांत उतरवलं.

दुपारी एक विचार आला, तो इथे प्रामाणिकपणे लिहितो. पुढच्या मंगळवारी दादा दवाखान्यात गेला की नवी पायरी बसवायची. किल्ली आहेच. काळा रंग आहेच. त्याने फेरी मारली तरी त्याला पायरी जागेवर दिसेल. कोणालाच काही कळणार नाही आणि कोणाचं वाईटही होणार नाही. आजारी माणसाला धक्का द्यायचा नाही, हे तर डॉक्टरच सांगतात.

संध्याकाळी देवापुढे बसलो. हाच विचार त्याच्यापुढे मांडला, जसा साहेबापुढे रजेचा अर्ज ठेवावा तसा. अर्ज नामंजूर झाला असं म्हणणार नाही. पण मला पुढे वाचवेना.

सोमवार, २६

बाईंना तक्ता नेऊन दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं: उजव्या बाजूला जादा पायरी, मूळ इंजिनाला होती, दुरुस्तीत काढली, चार भोकं अजून आहेत, कोणीही हात लावून पाहावं.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचं म्हणणं, आमचं मूळ चुकीचं आणि नक्कल बरोबर?"

"मूळ तुम्ही ड्रॉइंगकडे परत नेलंत. दादाने ते चालत होतं तसं केलं."

"आणि चाकं? आमची तर झिजलेली आहेत."

"चाकं झिजलेली कोणी करत नाही."

"हे समितीला मी कसं सांगू?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. मी फक्त मापं घ्यायला आलो होतो.

त्या पुन्हा वाचत होत्या. "पण परवा मी तुमच्याकडून फोटो मागवले होते, त्यात तर तुमच्या नकलेला जादा पायरी दिसत नाही."

"ती मी कापली," मी म्हटलं. पहिल्यांदा तोंडातून निघालं, आणि ते नेमकं परक्या माणसासमोर. बाईंनी चष्मा पुन्हा घातला. "भावाला माहीत आहे?"

मी नाही म्हटलं. त्यांनी तक्ता फाईलमध्ये ठेवला आणि म्हणाल्या, समितीची बैठक पुढे ढकलते, आधी घरचं बघा. दयेने म्हणाल्या की कंटाळून, ते सांगता येत नाही.

मंगळवार, २७

दादा दवाखान्यात. किल्ली खिशात. चौथ्या खेपेला केलेली पायरी दुसऱ्या खिशात, चारही रिवेट सरळ. त्यांच्या दारापर्यंत गेलो. कुलपाला किल्ली लावली आणि काढली. कामावर परत आलो तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता. मुकादमाला सांगितलं, पोटात दुखत होतं. म्हणजे एक खोटं टाळायला गेलो आणि दुसरं बोलून आलो.

बुधवार, २८

सांगितलं.

सकाळी अकराला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. दादा काठी धरून उभा होता, टेबलाच्या कडेला डावा हात टेकून. कोपऱ्यापर्यंत पोचला होता. अजून दोन पावलं आणि वळला असता.

मी म्हटलं, "दादा, जरा बस." तो बसेना. म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं. "उजवीकडची खालची पायरी मी कापली. सहा तारखेला. तू व्यायामाला गेला होतास."

त्याने वळून इंजिनाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "का?"

उत्तर पाठ होतं. "ड्रॉइंगमध्ये नव्हती. शेडमधल्या इंजिनालाही नव्हती. बाईंचा तक्ता..."

तो थांबला होता. माझं संपल्यावर पुन्हा म्हणाला, "का?"

मग जे बोललो ते पाठ नव्हतं. "मला वाटलं, तू चुकलास. बरं वाटलं मला."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद झालं. दादाला शब्द सापडत नव्हता की द्यायचा नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळायची सोय आता राहिलेली नाही. रंगाऱ्याने काय सांगितलं तेही मी सांगितलं, पोराचं आणि लोहाराचं. तेव्हा त्याने मान खाली घातली. विचारलं, "तुकडा?"

"भट्टीत गेला."

तो हळूहळू खुर्चीकडे परत फिरला. मी धरायला हात पुढे केला तर त्याने काठी मध्ये घातली. एकटाच बसला. वहिनींनी चहा आणला. माझ्याकडे न पाहता माझाही कप ठेवला. आम्ही चहा घेतला. त्याने आज पहिल्यांदा कप पूर्ण संपवला, पण मला तसं म्हणायचा धीर झाला नाही.

निघताना नवी पायरी काढली. बसवायला दहा मिनिटं लागली असती. हत्यारं पिशवीत होती. मी बसवली नाही. पायरी, चार रिवेट आणि छोटी हातोडी त्याच्या डाव्या हाताशी टेबलावर ठेवली, घराची किल्ली त्यांच्या शेजारी ठेवली आणि आलो.